चार बोटं साल

आमच्या बाबांनी जन्मभर कारखान्यात ड्रॉइंगं काढली. त्यामुळे त्यांचा ठाम समज असा, की एकदा माप लिहून दिलं की माणसं त्या मापातच वागतात. या समजापायी आमच्या दारातल्या अर्जुनाच्या झाडाचं वाटोळं झालं. हे मी त्यांच्या तोंडावर बोललेय, त्यामुळे इथे लिहायला मला कसलाही संकोच नाही.

इकडे हिंदी मुलखात, अयोध्या नगरला घर बांधलं तेव्हा फाटकाबाहेर हे झाड बाबांनीच लावलं. वाढून ते गच्चीच्या वर गेलं, बुंधा कवेत मावेना. बाबा रिटायर झाले आणि त्यांना समाजसेवा सुचली. पत्र्याची पाटी रंगवून त्यांनी झाडाला अडकवली, ‘अर्जुन. इसकी छाल हृदय के लिए लाभकारी है.’ मी म्हटलं, “बाबा, हे आमंत्रण आहे.”

“लोकांना माहिती नको का?” म्हणाले.

झालं! आठवडाभरात सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या खिशातून चाकू निघायला लागले. पार शहराच्या दुसऱ्या भागातून, हबीबगंजहून स्कूटरवर माणसं यायची. ज्याच्या छातीत जळजळलं तो यायचा, ज्याच्या मेव्हण्याच्या छातीत जळजळलं तोही यायचा. आणि स्वतः बाबा? ते बीपीची गोळी घ्यायचे. त्या सालीच्या काढ्याचा एक घोट कधी प्यायले असतील तर शपथ.

पाटी काढा म्हणून मी भांडले. बाबांनी पाटी ठेवली आणि वर बुंध्यावर पिवळ्या ऑइलपेंटने एक चौकोन आखला, एक वीत रुंद, दोन हात उंच. बाण काढून मापंसुद्धा टाकली. खाली लिहिलं, ‘छाल केवल यहीं से लें, खड़ी काटें.’ साल एकाच बाजूने आणि उभी काढली तर जखम भरून येते. बुंध्याभोवती गोल सोलली तर मुळांना अन्न पोचत नाही आणि झाड मरतं. हे त्यांनी मला कागदावर आकृती काढून समजावलं. अहो, मला काय समजावता!

लोकांना वाटलं, चौकोनातली साल खास गुणाची असणार, कुणीतरी तपासून दिलेली. चौकोन आठ दिवसांत सफाचट. मग डावीकडून आणि उजवीकडून सोलणं सुरू झालं. बाबा रोज सकाळी टेप घेऊन उरलेली साल मोजायचे. शेवटी मागच्या बाजूला चार बोटं रुंदीची एक पट्टी उरली. ती गेली की झाड गेलं. तेव्हा कुठे बाबांनी पाटी उतरवली.

मी शाळेत शिकवते. शाळेची वेळ होईपर्यंत मी फाटकाशी खुर्ची टाकून बसायला लागले. चाकूवाल्यांना असं काही हिंदी ऐकवलं, की माझ्या वर्गातल्या पोरांनीही तेवढं ऐकलेलं नाही. मग एका सकाळी समोरच्या भाभी सुरी घेऊन आल्या. त्यांच्या नवऱ्याला नुकताच स्टेंट बसवला होता. मी सांगितलं, “भाभी, एक टुकड़ा भी नहीं मिलेगा.” त्या रडायला लागल्या. बाबा बाहेर आले, त्यांनी सुरी घेतली, “गोलियाँ बंद मत करना,” असं दोनदा बजावलं आणि त्या पट्टीतली दोन बोटं साल स्वतःच्या हाताने उभी कापून दिली.

“बाबा!” मी किंचाळलेच.

“अगं, तिचा नवरा आहे तो,” म्हणाले.

आणि उरलेली दोन बोटं? आम्ही एका लग्नाला तीन दिवस नागपूरला गेलो, तेवढ्यात कुणीतरी नेली. परत आलो तेव्हा बुंधा चहूकडून उघडा होता. वर पानं अजून हिरवीगार होती. बाबांनी त्या दिवशी टेप काढलाच नाही.

पुढच्या रविवारी डाळिंबं घेऊन मी भाभींकडे गेले. भाईसाहेब मजेत टीव्ही बघत होते. मी विचारलं, काढा चालू आहे ना? भाभी ओशाळल्या. “इन्हें कसैला लगता है. एक बार पिया, बस. सँभालकर रखी है ना!” असं म्हणत त्यांनी स्टीलचा डबा उघडून दाखवला. बाबांनी कापून दिलेली साल जवळजवळ तशीच होती.

माझं डोकंच फिरलं. डबा उचलला आणि तशीच शेजारच्या घरात शिरले. मग त्याच्या पुढच्या. कुणाकडे फ्रिजवर, कुणाकडे पिठाच्या डब्यामागे, एकाकडे तर देव्हाऱ्यात! “मँगवा ली थी, क्या पता कब काम आ जाए.” सगळ्यांचं हेच. दुपारपर्यंत तांदळाची एक गोणी भरली.

ती मी व्हरांड्यात बाबांपुढे उपडी केली. “घ्या! कुणी धड प्यायलं नाही. एकानेही नाही!” मला रागाने रडू फुटलं.

बाबांनी चष्मा लावला, गुडघा धरून खाली बसले आणि एकेक तुकडा शेजारी शेजारी मांडत गेले. बराच वेळ. शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाले, “बुंध्याला पुरून उरेल एवढी आहे गं. पण आता परत चिकटायची नाही.”