गुलाबी दुधातली साखर

लोह्याला नणंदेच्या दारात दुभती म्हैस आहे. तिचं दूध सकाळी डेअरीला जातं आणि चार वर्षांच्या नातीसाठी दुकानातून गुलाबी दुधाची बाटली येते. परवा नात हसली, तर पुढचे दात काळे, किडलेले. भाकरीचा तुकडाही तिला चावेना.

"वन्सं, हे काय पाजताय तिला?"

"दूधच हाय की वैनी. ताकदीचं हाय, वर लिहिलंय."

ताकद पुढं ठळक अक्षरांत होती. वरून घातलेली साखर मागं, मुंगीएवढ्या अक्षरांत, तीही शंभर मिलीपुरतीच. बाटली दोनशेची. कसला हलकट कावा! मी म्हशीच्या दुधाच्या कपात अख्ख्या बाटलीएवढी साखर घातली. चार चमचे भरले. कप नणंदेच्या हातात दिला.

एका घोटातच त्यांनी तोंड वाकडं केलं. "अगं बाई, ह्यो तर पाक हाय! कसं प्यावं माणसानं?"

"लेकरू रोज पिऊन राहिलंय."

तेवढ्यात नातीनं कप ओढला, तळापर्यंत रिकामा केला आणि नणंदेपुढं धरला. "अजून दे."