नानांचं हवेचं मशीन

"मी कुठी झोपलो भो? डोये मिटले व्हते फक्त."

हे वाक्य फैजपुरात आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं. बोलता बोलता नानांची हनुवटी छातीला टेकायची, हातातली बशी कलंडायची, चहा पँटवर सांडायचा आणि कुणी हटकलं की डोळे न उघडताच नाना हे सुनावायचे. ते केळी भरणीचे मुकादम. कापलेले घड बागेबाहेर आले की गाडी नीट भरली जातेय ना, यावर नजर ठेवायची हे त्यांचं काम. नाना गाडीच्या चाकाला पाठ लावून बसत आणि नजर ठेवायच्या ऐवजी घोरत. मजूर म्हणायचे, "नाना ध्यानाले बसले."

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, पंगतीत घास हातात धरून पेंगणारा. आपण त्याला हसतो आणि वर 'सुखी जीव' म्हणतो. त्याच्या सुखाची चौकशी मात्र कुणी करत नाही.

नानांच्या घरासमोर माझं औषधांचं दुकान आहे. त्यांचं ब्लडप्रेशर गोळ्यांना भीक घालत नव्हतं. डॉक्टर गोळी बदलायचे, नाना पथ्य पाळायचे, आकडा तिथल्या तिथे. नाव विसरायचे, उगाच चिडायचे, सकाळी उठले की डोकं धरून बसायचे. एकदा गोळ्या न्यायला नानांच्या पत्नी, आमच्या काकू, आल्या आणि सहज बोलून गेल्या, "घोरता घोरता एकदम बंद पडता हे. मी हालवते, मंग श्वास घेता. रोजचंच हाये." त्यांनी ते अगदी साधेपणाने सांगितलं. मी त्याच आठवड्यात नानांना जळगावच्या डॉक्टरांकडे पिटाळलं.

तिथे अंगाला वायरी लावून त्यांची झोप तपासली. झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो, गुदमरून जीव अर्धवट जागा होतो, पुन्हा डोळा लागतो, पुन्हा घसा मिटतो. झोपलो असं वाटतं, पण शरीराला विसावा नसतो. ब्लडप्रेशर, विसराळूपणा, दिवसाची पेंग, सगळं त्यातलंच. असंच चाललं तर हृदय थकेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

"माह्या नरडीवर बसेल व्हतं कोनी रातभर," नाना परत आल्यावर म्हणाले, "अन् मलेच पत्ता नही!"

मग मशीन आलं. डब्यासारखं यंत्र, एक नळी, नाकावर मास्क. त्यातून दाबाने साधी हवा येते आणि घसा उघडा राहतो. ऑक्सिजन नाही, हवा. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण सगळा घोळ इथेच झाला.

पहिले काही आठवडे नाना वेगळेच माणूस झाले. गाडीजवळ उभे राहून भरणी करवून घ्यायचे, घड आपटला की ओरडायचे. मजूर वैतागले. "ध्यान करत होते तेच बरं होतं," म्हणायला लागले. नाना दुकानात येऊन म्हणाले, "भो, सकाय अशी ऱ्हाते हे मी विसरूनच गेलतो." मला फार बरं वाटलं. ब्लडप्रेशरही उतरायला लागलं होतं.

पुढे वैशाख आला. आमच्याकडच्या उन्हाळ्यात भिंती रात्रीही तापलेल्या असतात. माणसं बाजा टाकून दारात नाहीतर गच्चीवर झोपतात, सगळी गल्ली एकाच खोलीत असल्यासारखी. नानांनीही खिडकीतून वायर ओढली आणि दारातल्या बाजेवर मास्क लावून आडवे झाले.

झालं! सकाळी गल्लीभर बातमी, नानांना ऑक्सिजन लागला. कोरोनात अशी नळी लागलेली माणसं सगळ्यांनी पाहिली होती, त्यातली परत किती आली हेही पाहिलं होतं. दुपारपासून लोक शहाळी आणि बिस्किटं घेऊन भेटायला. सावद्याची एक चुलत आत्या तर गळ्यात पडून रडली. नाना चहा पीत होते. "माय वो, मी जित्ता हाये!" असं म्हणून आधी तेही खूप हसले.

हसू टिकलं नाही. धाकट्या मुलीचं लग्न वरणगावला ठरलं होतं, तारीख तोंडावर आलेली. जुळवणाऱ्या मध्यस्थाचा फोन आला, "मुलीचा बाप आक्सिजनवर हाये म्हनता, खरं का?" नानांनी दुसऱ्या दिवशी मशीन खोक्यात घालून कपाटावर टाकलं.

मी भांडलो त्यांच्याशी. म्हटलं, मी येतो वरणगावला, समजावून सांगतो.

"कोनाकोनाले सांगशीन?" ते म्हणाले. "हवा का आक्सिजन, कोन इचारत बसते? लगन होऊ दे, मंग लावतो ना. पोरीचं मोडलं तं मी कुठी तोंड दाखवू?"

काकूंनी हात जोडले, मुलगी रडली. नाना हलले नाहीत. पुन्हा पेंगायला लागले, चेहरा सुजल्यासारखा दिसायचा. ब्लडप्रेशर मोजायलाही येईनात. मी समोरून पाहायचो आणि रागाने मान फिरवायचो. मला तो माणूस हवा होता आणि काय करावं ते सुचत नव्हतं.

लग्नघर म्हणून बायका गोळा झाल्या. पाहुण्या बायकांसोबत काकू आत झोपायला लागल्या. नाना एकटे बाहेर. लग्नाला काही दिवस उरले असताना ते बाजेवरच गेले. गल्लीभर माणसं झोपली होती. त्यांचं घोरणं सगळ्यांना ऐकू आलं होतं. ते थांबलं तेव्हा हलवायला कुणी नव्हतं.

दहाव्याच्या आधी वरणगावची मंडळी भेटायला आली. मुलाचे वडील शांत माणूस. वर्षाच्या आत साधेपणाने लग्न लावून घेऊ, मुलगी आमचीच आहे, असं त्यांनी आल्या आल्या सांगितलं. मग पाणी पिताना त्यांची नजर कपाटावरच्या खोक्याकडे गेली. ते काय आहे, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

"मशीन घरात व्हतं," ते म्हणाले, "मंग नाना लावत कायले नही व्हते?"

काकूंनी पदर तोंडाला लावला. मुलगी भिंतीला टेकून बसली होती, आणि उत्तर तिला माहीत होतं.