चादरीचं दुसरं टोक

मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरातल्या धुलाईखान्यात तिला सगळ्याजणी तोंडावर 'मॅडम' म्हणायच्या आणि पाठ फिरली की 'प्रश्नबाई'. तिला ते ठाऊक होतं, पण राग नव्हता. पन्नाशी उलटल्यावर पीएच.डी.ला बसलेल्या बाईला लोक काय काय म्हणतात, हे तिने आपल्याच नातेवाइकांकडून ऐकून घेतलेलं होतं. "आता या वयात दप्तर?" हे त्यातलं सगळ्यात गोड.

तळघरात फोनला रेंज नसायची. काम आटोपून जिना चढून वर आली की ती आधी पर्समधला फोन काढायची आणि धाकटीचा फोन येऊन गेला का ते बघायची. येऊन गेलेला नसायचा. मग ती चष्मा पुसायची, जणू चष्म्यामुळेच दिसलं नाही.

धाकटी म्हणजे तिची पाठची बहीण, दुसऱ्या गावी दिलेली. नवरा गेल्यापासून हिला हक्काचं म्हणावं असं ते एवढंच माणूस उरलं होतं. मूलबाळ नाही. नवरा होता तेव्हा घरात बोलायचं खातं त्याच्याकडे आणि ऐकायचं हिच्याकडे. चपला काढता काढता त्याचं सुरू व्हायचं ते पाठ टेकेपर्यंत. तो गेला आणि हिच्याकडे नुसतेच कान उरले. कॉलेजात शिकवायची तीही नोकरी वयाआधी सोडून दिली होती. घरात फ्रिज सुरू झाला की बरं वाटायचं, कोणीतरी काहीतरी करतंय असं. अशाच एका रिकाम्या दुपारी तिने संशोधनाचा अर्ज भरला.

विषय घेतला नेतृत्वाचा. सेनापती-मंत्र्यांच्या नेतृत्वाचा नव्हे हं. जिथे पंधरा-वीस माणसं घाम गाळतात आणि त्यातलं एक माणूस 'चला, आज हे असं करू' म्हणतं, आणि बाकीची करतात, त्या नेतृत्वाचा. त्यासाठी निवडलेल्या काही ठिकाणांपैकी एक म्हणजे हा धुलाईखाना. आणि पद्धत संमिश्र. म्हणजे आधी छापील प्रश्नावली, एकेका विधानाला एक ते पाच गुण, त्यांच्या सरासऱ्या. मग समोर बसून मुलाखती. आणि शेवटी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून ताळा बघायचा. धाकटीने विचारलं होतं, "दोन दोनदा कशाला गं तेच?" तेव्हा हिने सांगितलं होतं, "मीठ किती पडलं ते चमचा सांगतो, खारट झालं का ते जीभ सांगते. मला दोघांचंही ऐकायचंय." धाकटी किती हसली होती तेव्हा.

मुलाखती तिला फार आवडायच्या. संध्याकाळी कानाला हेडफोन लावून ती परक्या बायकांचे आवाज उतरवून काढत बसायची. कोणाची सासू, कोणाचा गुडघा, कोणाची पोरगी. घर भरून जायचं. मुलाखतीचा पहिला नियम तिने असा अंगी बाणवला होता की काय सांगावं: आपण बोलायचं नाही. समोरचं माणूस थांबलं तर ती शांतता भरून काढायची नाही, वाट बघायची. आणि फारच अडलं तर हळूच विचारायचं, 'म्हणजे नेमकं काय?' किंवा 'एखादं उदाहरण?'

हेच पुढे नडलं.

एकदा धाकटी फोनवर म्हणाली, "ताई, मला हल्ली काही करावंसंच वाटत नाही गं. सकाळी उठून बसते आणि बसूनच राहते."

"म्हणजे नेमकं काय होतं?" हिने विचारलं.

"नेमकं काय म्हणजे? कंटाळा येतो. सगळे आपापल्या जागी, मी आपली मधेच."

"अच्छा. एखादा प्रसंग सांगशील?"

पलीकडे शांतता. ही वाट बघत राहिली. शिकल्याप्रमाणे, अगदी चोख.

"ताई, तू माझी मुलाखत घेतेयस."

"नाही गं, ऐकतेय मी."

"ऐकणारं माणूस मधेच आपलंही काही सांगतं. तुझं काय चाललंय हे मला शेवटचं कधी कळलं, आठवतंय तुला? भावजी गेले तेव्हासुद्धा तू मलाच विचारत होतीस, तुला कसं वाटतंय म्हणून. भिंतीशी बोलल्यासारखं होतं. त्यातल्या त्यात भिंत बरी, ती उलट प्रश्न तरी विचारत नाही."

आणि फोन ठेवला. त्याला बरेच दिवस झाले होते. हिने दोनदा लावून पाहिला, तर "कामात आहे, करते नंतर" एवढंच. ते 'नंतर' काही उजाडत नव्हतं. माफी मागायची तर कशाची, हे हिला उमगेना. ऐकलं, हा काय गुन्हा झाला?

धुलाईखान्याचंही घोडं तिथेच अडलेलं. तिथली मुकादम उंच, हाडापेराने दणकट, बोलायला कंजूष. हॉस्पिटलभरच्या चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे झगे, सगळं तिच्या हाताखालून जायचं. मुलाखतींत बायका तिच्यावरून जीव ओवाळून टाकत होत्या. "ती आहे म्हणून आम्ही आहोत", "तिने कधी कोणाला डावं-उजवं केलं नाही", "माझी पोर आजारी होती तर तिने न सांगता माझी पाळी बदलून दिली". प्रश्नावलीतही 'मुकादम न्यायाने वागतात' याला भरभरून गुण. पण 'मुकादमांशी मी मनातलं बोलू शकते' आणि 'मुकादम मला आमच्यातल्या एक वाटतात' या दोन विधानांपाशी सगळ्यांचे गुण तळाला गेले होते. एकीचे नव्हे, सगळ्यांचे.

गाईड सर तिच्यापेक्षा वयाने लहान, पण घाई मोठी. म्हणाले, "मॅडम, आकडे पूर्वेला आणि मुलाखती पश्चिमेला. मधला पूल दाखवा, नाहीतर धुलाईखाना वगळून टाकू."

पूल असेल तर तो खुद्द मुकादमीकडेच असणार. म्हणून हिने तिची मुलाखत ठरवली. ती मात्र गाजली वेगळ्याच कारणाने. एक न बोलणारी आणि दुसरी न बोलण्याचं शिक्षण घेतलेली. "तुमच्या कामाबद्दल सांगा" म्हटलं तर मुकादम म्हणाली, "कपडे धुतो." मग शांतता. ही थांबली. तीही थांबली. शेवटी गरम रुळांतून चादरी इस्त्री करून काढणारी बाई डोकावून म्हणाली, "झालं का? की दोघी झोपल्या?" घरी येऊन ध्वनिफीत लावली तर मशीनची घरघर तेवढी स्वच्छ ऐकू येत होती.

तेव्हा तिने ठरवलं, रेकॉर्डर घरी ठेवायचा आणि नुसतं जाऊन बघत बसायचं.

सकाळची पाळी सुरू होताना मुकादम दाराशी उभी राहायची आणि जोड्या लावायची. चादरीची घडी एकटीने घालता येत नाही ना! एकीने दोन कोपरे धरायचे, दुसरीने दोन, झटका द्यायचा, मग पुढे येऊन कोपऱ्याला कोपरा. कोणी कोणाबरोबर घडी घालायची ते रोज मुकादम ठरवायची. रात्री घरी रडून आलेलीला बडबडीबरोबर. काल भांडलेल्या दोघींना मुद्दाम एकत्र. "घ्या, ताणा आता चादर, एकमेकींना नको," असं म्हणायची, आणि दुपारपर्यंत त्या दोघी एकमेकींच्या डब्यातलं खात असायच्या. नवी आली की तिला सगळ्यात जुनीबरोबर. प्रश्नबाई बघत राहिली. नेतृत्वावर एवढं वाचलं होतं, पण ते असं चादरीच्या दोन टोकांना धरलेलं कुठे भेटलं नव्हतं.

जोड्या लागल्या की मुकादम स्वतः कोपऱ्यातल्या भिंतीकडे जायची. तिथे चादरीच्या रुंदीएवढ्या अंतरावर दोन खुंट्या ठोकलेल्या होत्या. ती चादरीचे दोन कोपरे खुंट्यांना अडकवायची, उरलेले दोन हातात घ्यायची, झटका द्यायची आणि भिंतीकडे चालत जायची. मग खुंटीवरचे कोपरे सोडवून परत मागे. सगळ्या बायका एकमेकींकडे तोंड करून, आणि ही भिंतीकडे. खुंट्या हात लागून लागून गुळगुळीत झाल्या होत्या.

प्रश्नबाई किती वेळ बघत बसली कोण जाणे. नियम म्हणतो, बघायचं, हात घालायचा नाही. पण ती उठली, कोपऱ्यात गेली आणि खुंट्यांवरचे कोपरे काढून स्वतःच्या हातात घेतले.

मुकादमीने भुवई वर केली. "कपडे खराब होतील, मॅडम."

"होऊ देत."

"झटका द्या. अहो, असा नव्हे, बाळाला झोका देताय का? हां. आता या पुढे. कोपऱ्याला कोपरा. तो नव्हे, दुसरा!"

दोन-चार चादरी वाकड्यातिकड्या झाल्या. मागून खसखस पिकली. "प्रश्नबाईंना धुलाईत घ्या गं कायमचं!" कोणीतरी म्हणालं. हिलाही हसू आलं. मग हात बसत गेला. पुढे, मागे, पुढे. आणि त्या ये-जा करण्यातच मुकादम बोलू लागली, हिच्याकडे न बघता, चादरीकडे बघत.

"या मला विचारतात, तू एकटीच का घालतेस घडी. मी ज्या बाईबरोबर घालीन, ती माझी लाडकी ठरेल. उद्या तिने डागाची चादर तशीच वर पाठवली तर तिला ओरडू कशी? आणि नाही ओरडले तर बाकीच्यांनी माझं का ऐकावं? पहिल्याने एक होती माझी जोडीदारीण. छान जमायचं. मी मुकादम झाले आणि लोक तिला टोचायला लागले. ती दुसरीकडे गेली काम बघून. मग मी खुंट्या ठोकून घेतल्या." चादर तिच्या हातात चौकोनी झाली. "चांगल्या आहेत खुंट्या. तक्रार करत नाहीत."

पूल सापडला होता! जे न्यायाचे गुण वर नेत होतं, तेच जवळिकीचे खाली आणत होतं. आकडेही खरे होते आणि बोलणंही खरं होतं. प्रश्नबाईच्या मनात त्या प्रकरणाचं शेवटचं पान उघडलंसुद्धा. "हे मी लिहिलं तर चालेल?" तिने विचारलं.

"लिहा की. नाव नको."

पुढची चादर ताणताना मुकादमीने पहिल्यांदाच मान वर केली. आवाज जरा सैल झाला होता. "आणि तुमचं हो? घरी कोण कोण?"

आणि हिच्या तोंडून निघून गेलं, सरावाने, मऊ आवाजात, "तुम्हाला हे विचारावंसं का वाटलं?"

मुकादम थांबली. चादर मधे लोंबत राहिली.

"साधं विचारलं हो, बाई," ती म्हणाली. रागावून नव्हे. दार लावताना आवाज होऊ नये म्हणून जपतात, तसं. मग पुढे येऊन तिने हिच्या हातातले दोन कोपरे अलगद काढून घेतले आणि खुंट्यांना अडकवले. "तुम्ही दमला असाल. बसा."

हिला सांगायचं होतं: कोणी नाही हो, एक बहीण आहे, ती बोलत नाही. वाक्य तयार होतं, ओठाशी आलं होतं. पण मुकादमीची पाठ फिरली होती, आणि पाठीला काय सांगणार?

जिना चढून वर आल्यावर तिने फोन काढला. कोणाचा आलेला नव्हता. चष्मा पुसला नाही.

ते प्रकरण तिने लिहिलं. सरांनी वाचून उत्तर पाठवलं, "उत्तम! हाच तर पूल." तिने ते उत्तर वाचलं आणि ही आनंदाची बातमी सांगायची कोणाला म्हणून घरात नजर फिरवली. फ्रिज आपलं काम करत होता. खुर्चीवर दोरीवरून काढलेली तिची चादर पडली होती. तिने घडी घालायला घेतली. सवयीने हनुवटीखाली एक कड धरली, हात लांब केले आणि तशीच उभी राहिली. वर्षानुवर्षं ती चादर अशीच हनुवटीखाली धरत आली होती. कधी काही वाटलं नव्हतं.

चादर ठेवून तिने फोन लावला.

"कामात आहे गं, करते नंतर," धाकटी म्हणाली.

"नंतर नको. ठेवू नकोस. मला काहीतरी सांगायचंय."

"बोल."

आणि हिला काही सुचेना. पलीकडे धाकटी गप्प. कुकरची शिट्टी झाली, कोणीतरी नळ बंद केला, तरी गप्प. वाट बघत असलेली ती शांतता किती लांब असते, ते हिला पहिल्यांदाच दुसऱ्या टोकापाशी उभं राहून कळत होतं. आजवर किती जणींना तिने असं उभं केलं होतं!

"मला एकटं वाटतं गं," ती म्हणाली. आवाज परका वाटला. हेडफोनमधून ऐकल्यासारखा.

मग धाकटीचा आवाज आला, भरून आलेला. पण आत कुठेतरी जुना खट्याळपणा होताच.

"म्हणजे नेमकं काय? एखादं उदाहरण?"

हिला हसूही आलं आणि डोळेही भरले. काय कठीण प्रश्न हा! उदाहरणं ढीगभर होती, पण सुरुवात कुठून करावी ते कळेना. तिने खुर्चीवरची चादर जवळ ओढली, तिचा एक कोपरा मुठीत धरला.

"एक चादर आहे," ती म्हणाली. "रोज धुते, आणि रोज घडी..."

"हां, मग?" धाकटी म्हणाली, आणि पलीकडे खुर्ची ओढून बसल्याचा आवाज आला.