रुमालाखालचा भाव

वसमतच्या हळदीच्या बाजारात एक दलाल होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही, पण त्याचा हात आजही ओळखीन. खरेदीदाराचा हात तो आपल्या रुमालाखाली धरायचा आणि आतल्या आत बोटं दाबून भाव ठरवायचा. तोंडानं बोलणं चालायचं ते पाऊसपाण्याचं. हळद आमची, पण आम्ही शेतकरी समोर उभं राहून नुसता रुमाल हलताना बघायचो.

मग निजामाच्या राज्यात नवा कायदा आला. भाव आता सगळ्यांसमोर मोठ्यानं पुकारायचा. एका अंमलदारानं बाजारात उभं राहून तो वाचून दाखवला. दलालानं रुमाल झटकून खांद्यावर टाकला.

"बराबर हाय, साहेब. शेतकऱ्याला लई तकलीफ व्हायची," असं म्हणत त्यानं अंमलदाराला हात जोडले.

त्या दिवशी पहिली हळद माझीच निघाली. एका व्यापाऱ्यानं पडेल भाव पुकारला. बाकीचे सगळे आभाळाकडे बघत राहिले.

"दुसरं कोणी काहून बोलून न्हाई राहिलं?" मी दलालाला विचारलं.

"बोलायचं तर मोठ्यानं बोला, असा कायदा हाय," तो मायेनं म्हणाला. "बोलाच, असा न्हाई."

कायदा पाळला गेला म्हणून अंमलदारानं खुशीत कागदावर सही केली. जाता जाता त्याला घरच्यांसाठी थोडी हळद हवी होती. दलालानं खांद्यावरचा रुमाल काढला, आणि साहेबांनी कुणी न शिकवता त्याखाली हात घातला.