दोन सेटच्या मधली वेळ

"मास्तर, हे मधीच बंद का पडतंय? जनरेटरचा प्रॉब्लेम हाय का?"

कोपरगावला एका रिसेप्शनमध्ये नवरीच्या काकांनी मला स्टेजच्या पायरीशी गाठलं. पहिला सेट नुकताच संपला होता. सेट म्हणजे सलग वाजवायची काही गाणी. मग जेवणं, सत्कार, आणि त्यानंतर दुसरा सेट. मी बँडमध्ये बेस गिटार वाजवतो.

"जनरेटर ठीक आहे," मी म्हणालो.

"मग? पाव्हणे नाचाया लागले की तुमी थांबता. आमचे दाजी येक पाय वर धरून उभे ऱ्हायले. लई हसू झालं."

"दुसऱ्या सेटला असं होणार नाही."

"न्हाई झालं तर बरं. भाच्याचा डीजे हाय. टेम्पो बाहेरच लावलाय."

जनरेटर खरंच ठीक होता. बिघडला होता तो आमच्या साळवे सरांचा उजवा हात.

साळवे सर आमचे बँडलीडर आणि गायक. त्यांचे वडील नगरच्या कॅम्पात मिलिटरी बँडला होते. सर चर्चच्या क्वायरमध्ये गायला शिकले आणि लग्नसराईत वरातीच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवून मोठे झाले. मिशनच्या दवाखान्यातले एक डॉक्टर परदेशी परत जाताना त्यांना रेकॉर्ड्सचं खोकं देऊन गेले. त्यात फंक आणि सोल होतं. सोल म्हणजे चर्चमधली आर्त गायकी रस्त्यावर आलेली. फंकमध्ये चालीपेक्षा ठेक्याला मान. प्रत्येक वाद्य थोडंथोडंच वाजतं, पण पहिल्या मात्रेवर सगळी एकत्र पडतात. सरांनी त्यावर मराठी गाणी बांधली. नगरमध्ये लोक तरीही आम्हाला 'तो इंग्लिश बँड' म्हणत.

पहिल्या मात्रेबद्दल सर नवीन माणसाला नेहमी एकच गोष्ट सांगत. "उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणारा माणूस बघ. मान हलते, कंबर हलते, पाय मात्र पडायचा तिथंच पडतो. आपल्यासमोर येणारा प्रत्येक जण अशी एक मोळी घेऊन आलेला असतो. त्याला पाय टाकायला पक्की जागा द्या. बाकीचं तो बघून घेईल." याला ते तत्त्वज्ञान म्हणत नसत. कामाची पद्धत म्हणत.

आता हाताचं. आमच्या गाण्यांत ब्रेक येतो. ब्रेक म्हणजे सगळ्यांनी एकदम थांबायचं, क्षणभर शांतता, आणि पहिल्या मात्रेवर पुन्हा एकदम पडायचं. तो कधी घ्यायचा हे गर्दीकडे बघून सर ठरवत. मूठ वळली की ब्रेक. ही पद्धत त्यांनी वरातीतून आणली होती. फटाक्यांत काही ऐकू येत नाही, म्हणून वरातीचा बँड मास्टरच्या हाताकडे बघून वाजतो. आमचे ब्रासवाले, म्हणजे ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोनवाले, तिथलेच. नजर सतत हातावर.

गेले काही महिने तो हात थरथरत होता. थरथरताना मूठ आपोआप वळे. मग निम्मे थांबत, निम्मे वाजवत राहत.

ड्रमर युनूसने मला बाजूला घेतलं. "सरांना खाली खुर्चीत बसवा. दुसरा सेट तुम्ही लीड करा. सांगा त्यांना."

"तू सांग."

"मी? मला त्यांनी तेलाच्या डब्यावर वाजवताना उचललंय. माझ्या तोंडून नाही निघणार."

सर मांडवाच्या मागे पाण्याच्या जारपाशी उभे होते. डाव्या हातात ग्लास होता.

"पोरं आज झोपेत आहेत का रे?" त्यांनीच सुरुवात केली. "मी मूठ वळत नाही तरी थांबतात."

"वळते, सर. तुम्हाला कळत नाही."

त्यांनी उजवा हात समोर धरून पाहिला.

"सगळ्यांना दिसतं?"

"हो."

"नवरीच्या काकांना?"

"त्यांना जनरेटर वाटतोय."

ते हसले. मग ग्लास खाली ठेवून म्हणाले, "म्हणजे मी उतरायचं आता."

यासाठी मी एक वाक्य तयार करून गेलो होतो. विश्रांती, तब्येत, असं काहीतरी. ते निघालंच नाही. मी म्हणालो, "गायला हात लागत नाही."

"लागतो. ठेवू कुठं तो?"

"खिशात."

"देवापुढं खिशात हात घालून गायलो म्हणून वडिलांनी बडवलं होतं मला."

"हे चर्च नाही, सर."

"तुझ्यासाठी नसेल." त्यांनी हात खिशात घालून पाहिला. "बरं, ब्रेकचं काय?"

"बेसवरून घेऊ. मी चार सूर चढत जाईन. चौथ्यानंतर थांबायचं. कधी ते तुम्ही ठरवा, माझ्याकडे नुसतं बघा."

"ब्रासवाले ऐकतील? जन्म हात बघण्यात गेलाय त्यांचा."

"बघायला हातच नसला की ऐकतील."

दुसऱ्या सेटच्या पहिल्या ब्रेकला ट्रॉम्बोन एकटाच पुढे निघून गेला आणि लाजून थांबला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना ती गंमत वाटली. दुसऱ्याला युनूस घाबरून आधीच थांबला. तिसऱ्याला सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी चार सूर चढलो, आणि सगळा बँड एका पावलासारखा पडला. दाजींचाही पाय त्याच वेळी खाली आला. टेम्पोतला डीजे टेम्पोतच राहिला.

त्यानंतर सर शेवटपर्यंत खिशात हात घालून गायले. आजाराचं नाव घरचे आणि आम्ही सोडून कुणाला कळलं नाही. नगरची कॉलेजची पोरं खिशातल्या हाताला स्टाइल समजली आणि तसंच उभं राहून फोटो काढू लागली. सरांनी त्यांना कधी दुरुस्त केलं नाही.

या उन्हाळ्यात सर गेले. बँड चालू आहे. ब्रेक अजून बेसवरून घेतो, फक्त आता कुणाकडे बघायचं नसतं.

माझ्या धंद्यातल्या माणसांना एवढंच सांगेन, की वाईट बातमी द्यायची असेल तर दोन सेटच्या मधे द्यावी. ऐकणाऱ्याला लगेच काम असतं. सरांची बातमी मला सुट्टीच्या दिवशी सकाळी कळली, आणि पुढे काहीच वाजवायचं नव्हतं.