पंपघराच्या दारातल्या चपला

माठाजवळ चप्पल घालून आलेला माणूस मला खपत नाही. हा नियम सासूबाईंचा, यवतमाळहून त्यांच्यासोबत रायपूरला आलेला. त्या गेल्या आणि नियम माझ्याकडे राहिला. गॅसवाला असो, घरमालक असो, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर मी त्याला अडवतेच. "भैया, पहले चप्पल." मुलगी म्हणते, मम्मी, आपके चक्कर में कोई आता नहीं घर पे. न येवो.

आमचं घर गुढियारीत, भाड्याचं. रायपूर राजधानी झाली, मोठमोठ्या ऑफिसांच्या पाट्या लागल्या, पण आमच्या पाऱ्यातला, म्हणजे मोहल्ल्यातला, नळ आला तर आला. टँकरवर बायकांची भांडणं व्हायची. त्यात मी पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरची बायको, म्हणजे सगळ्यांना बोलायला हक्काचं माणूस. आणि आमचे हे घरी नव्हतेच. हे दूर बस्तरच्या अंगाला, जंगलातल्या एका लहानशा शहराला पाणी पाजत होते.

तिकडे वर्षानुवर्षं लढाई चालली होती. एकीकडे जंगलातले बंदूकवाले, दुसरीकडे कॅम्पातले जवान. विजेचा टॉवर पाडला की शहर आठवडेच्या आठवडे अंधारात, मग पंप जनरेटरवर चालवायचा. रस्ता खणला की डिझेल मध्येच अडकायचं. तुरटी आणि ब्लीचिंग पावडर रायपुरातल्याच भनपुरीच्या ट्रान्सपोर्टमधून जायची, आणि तो ट्रक कुठल्या वळणावर किती दिवस उभा राहील ते त्या ड्रायव्हरलाही सांगता येत नसे. ह्यांच्या बदलीसाठी मी ऑफिसचे उंबरे झिजवले. हुकूम निघालाही. पण दुसरा माणूस आल्याशिवाय चार्ज सोडता येत नाही, आणि तिथं नेमणूक झाली की माणूस लगेच आजारी पडायचा. एकाला तर हुकूम हातात पडताच पाठीचा मणका सरकला म्हणे.

रोज सकाळी टाकी भरली की ह्यांचा मिस्ड कॉल यायचा. बोलणं नाही, नुसती एक रिंग. टाकी भरली आणि मी आहे, असा त्याचा अर्थ. रिंग वाजली की मी चहा टाकायचे. ज्या दिवशी मोबाइलचा टॉवर बंद असे त्या दिवशी चहा कडूच लागायचा. मग मी भनपुरीला जाऊन त्या ड्रायव्हरला गाठायचे. तो म्हणायचा, "हव भाभी, पानी चल रहा है." तेवढं ऐकलं की मी परत यायचे.

एका दिवाळीच्या सुट्टीत मुलीला घेऊन मी तिकडे गेले. बसनं अंग आंबून गेलं होतं. पंपघराच्या दारात पाय ठेवणार, तोच ह्यांनी हात आडवा केला.

"चपला बाहेर काढ."

"काहून? देऊळ हाय का हे?"

"देऊळच समज."

दारावर तेलरंगानं हिंदीत लिहिलं होतं, जूते-चप्पल बाहर उतारें. पायरीशी चपलांची रांग. आत मोटारीच्या शेजारी शेंदूर फासलेला एक दगड आणि त्याच्यापुढे उदबत्ती. मला हसूच फुटलं. गणपतीच्या आरतीला मागे उभं राहून मोबाइल चाळणारा हा माणूस! पंप चालवणारा ऑपरेटर तिथलाच, पोरवयाच्या दोन मुलींचा बाप. मला दीदी म्हणाला, पळत जाऊन चहा घेऊन आला, आणि दाराबाहेर पडताना न चुकता वाकून चपला घालत होता. साहेबांपेक्षा त्यालाच नियमाची जास्त हौस दिसली.

संध्याकाळी ह्यांनी मला समजावलं. "बंदूकवाला माणूस बूट काढत नाही. इकडचा नाही, तिकडचा बी नाही. नाड्या सोडाले बसला का तो अडकला, हे त्याले माहीत असते. मी कोणाले नाही म्हणत नाही. या म्हणतो, पाणी प्या म्हणतो. फक्त बूट काढा म्हणतो. मंग ते दारातूनच पाणी पिऊन जाऊन राहिले."

"अन कोणी काढले तं?"

"आजवर तं नाही काढले."

मला ह्यांचा अभिमान वाटला, हे सांगायला मला लाज नाही. सासूबाईंचा माठाजवळचा नियम ह्यांनी एका अख्ख्या शहराच्या पाण्याभोवती उभा केला होता. कुणाशी भांडण नाही, कुणाला नकार नाही. पण एवढ्या मोठ्या लढाईच्या मध्ये एक चपलांची रांग, बस.

त्या शहरात सगळ्यांत उंच काही असेल तर ती पंपघराला लागून असलेली पाण्याची टाकी. वरून जंगलाकडचा रस्ता लांबवर दिसायचा. कॅम्पच्या साहेबाला तिथं पहारा बसवायचा होता. ह्यांनी टाळलं. छत कच्चं आहे, शिडी गंजली आहे, वर माणसं चढली तर पाणी घाण होईल. सबबी सगळ्या खऱ्या होत्या, पण खरं कारण वेगळं होतं. टाकीवर बंदूक चढली की ती टाकी एका बाजूची होते.

मग एका दुपारी फोन आला. मिस्ड कॉल नाही, पूर्ण वाजला.

"त्यानं बूट काढले," हे म्हणाले.

"कोणं?"

"कॅम्पच्या साहेबानं. पायरीवर बसला, निवांत नाड्या सोडल्या, मोजे बुटात कोंबले. आत येऊन दगडाले हात जोडले. पाणी प्याला. मंग म्हणाला, इंजीनियर साहब, कल से ऊपर मेरे लड़के बैठेंगे. लई अदबीनं बोलला. त्याचे जवान मेले ना त्या जंगलाकडच्या रस्त्यावर. मी काय म्हणणार होतो?"

मी खूप बडबडले. वर लिहा, कलेक्टरकडे जा, काहीतरी करा. ह्यांच्याकडे बूट काढा म्हणण्यापलीकडे काही नव्हतंच, आणि त्या माणसानं ते ऐकलं होतं.

टाकीवर वाळूची पोती चढली. मिस्ड कॉल रोज येत होता. पण भनपुरीच्या ड्रायव्हरनं एकदा मान खाली घालून सांगितलं, "पानी तो चल रहा है भाभी, लेने वाला कोई नहीं." टाकीखालच्या नळावर बायका येईनाशा झाल्या होत्या. वर बंदुका, कधी काय होईल. त्या आता नाल्याचं पाणी भरू लागल्या. पोरांना जुलाब सुरू झाले. हे आणि ऑपरेटर ब्लीचिंगच्या पुड्या बांधून दारोदार वाटत फिरले. फोनवर ह्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. "टाकी गच्च भरून हाय अन लोकं नाल्यावर," एवढंच म्हणत राहिले.

आणि मग एके सकाळी रिंग आली नाही. टॉवर चालू होता, मी कंपनीला विचारलं. चहाचं पाणी आटून भांडं जळलं. दुपारी ह्यांचा फोन आला. "मी ठीक हाय," एवढं बोलून ह्यांनी ठेवला. बाकीचं पुढे एकदाच सांगितलं, पुन्हा कधीच नाही.

जंगलातून टाकीवर गोळीबार झाला तेव्हा हे आणि ऑपरेटर खाली पंपघरात होते. मागच्या भिंतीतल्या खिंडाराकडे पळ, असं ओरडून हे पळाले. ऑपरेटरही पळाला, पण पुढच्या दाराकडे. रोजची सवय. पायरीवर आला आणि चपला घालायला वाकला. तिथंच गोळी लागली. एका पायात चप्पल होती, म्हणाले.

त्याच्या दोन्ही पोरींचं बघायची काहीतरी सोय होईपर्यंत हे तिथंच राहिले. पाणीही चालू ठेवलं, फुटलेल्या पाइपाला रबर गुंडाळून. मग कधीतरी बदलीचा माणूस खरंच आला.

हे घरी आले ती दुपारची वेळ होती. मी भाजी फोडणीला टाकत होते. हे बैठकीतून थेट स्वयंपाकघरात आले, उंबरा ओलांडून, माठाजवळ. पायात बूट होते, कॅनव्हासचे, घट्ट नाड्या बांधलेले. ह्यांना मी आयुष्यात नाडीच्या बुटात पाहिलं नव्हतं.

"पापा, जूते..." मुलगी म्हणाली.

मी तिचा हात दाबला. ह्यांनी माठातलं पाणी घेतलं आणि उभ्यानंच प्याले. मग तसेच पाटावर बसले, आणि मी ताट वाढलं.