थंडा उझैर

मिरजगावात हायवेला लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान असलेल्या उझैरला लोक 'थंडा उझैर' म्हणायचे. तापून घोंघावणारा लॅपटॉप त्याच्यापुढे ठेवला, की तो एका सॉफ्टवेअरने प्रोसेसरचं व्होल्टेज जरासं उतरवायचा. काम तेवढंच, ताप कमी. या नावाची गड्याला भारी मिजास होती, आणि तीच त्याला नडली.

वस्तीवरचे कोंडीराम लेकीला, प्रज्ञाला घेऊन आले. तिचा लॅपटॉप नवाकोरा. दुसऱ्या दिवशी नोकरीची ऑनलाइन मुलाखत, आणि यंत्र तव्यासारखं तापलेलं. उझैरने आपलं सॉफ्टवेअर उघडलं, तर व्होल्टेजची पट्टी जागची हलेना. त्याने दुसरं डाउनलोड केलं, तिसरं केलं. नव्या प्रोसेसरला एकही चालेना. कंपनीने ती सोयच बंद करून टाकली होती.

"जमत नाही" एवढंच बोलायचं होतं. पण बाकावर बसून कोंडीराम चहावाल्याला सांगत होते, "आमचे उझैरभाई लई हुशार हायत." झालं! उझैरची जीभ रेटेना. त्याने गुपचूप प्रोसेसरचा वेग निम्म्यावर आणून ठेवला. लॅपटॉप गार पडला.

"घ्या काका, व्होल्टेज उतरवलं," तो म्हणाला.

मुलाखतीच्या संध्याकाळी दोघं परत आले. प्रज्ञाचे डोळे सुजलेले. मुलाखतीत तिचं चित्र गोठलं, आवाज तुटला, आणि समोरच्यांनी मध्येच आटोपतं घेतलं. कोंडीरामांनी घरच्या टीव्हीचा स्टॅबिलायझर काउंटरवर ठेवला आणि हात जोडले.

"उझैरभाई, चूक आमचीच हाय. वस्तीवर लाईट आधीच डिम, त्यात तुमी व्होल्टेज उतरवलेलं. कमी व्होल्टेजला मोटर जळती, हे मला कळाय नको व्हय? ह्यो आधीच लावला असता तर तुमच्या कामाला बट्टा लागला नसता. माफ करा."

उझैरची कानशिलं तापली. नुसतं "व्हय, लाईटच" म्हटलं असतं तरी सुटला असता. तो शब्द ओठांवर आलासुद्धा, आणि त्याला स्वतःचीच किळस आली.

"काका, मी व्होल्टेज उतरवलंच न्हाई. जमलंच न्हाई मला. नुसता वेग कमी केला अन् खोटं बोललो."

प्रज्ञा हळूच म्हणाली, "तवाच सांगायचं ना, दादा. तापला असता, पण चालला तरी असता."

कोंडीरामांचे माफीसाठी जोडलेले हात अजून तसेच होते. ते कसे सोडवावेत हे त्यांना कळेना, आणि उझैरला मान वर करवेना.